डोळ्यांवर हात

टक.

एवढासाच आवाज, पण रविवारी सकाळी सातला, सगळी इमारत झोपेत असताना, तो घरभर ऐकू गेला. बॅडमिंटनचं जुनं, पिसं झडलेलं फूल टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडलं होतं, आणि टेबलाखाली बसलेली पाच वर्षांची बोयाना आईच्या हातांकडे बघत होती. ओठांवर दुधाची मिशी होती.

नेवेनाने कॉफीचा कप खाली ठेवला. पांढऱ्या फरश्या म्हणजे मैदान, तपकिरी फरश्या म्हणजे मैदानाबाहेर आणि मधली सांध ही रेष, असं मायलेकींचं ठरलेलं होतं. फूल सांधेला चिकटून पांढऱ्यात पडलं होतं. तिने उजवा हात सरळ करून रेषेकडे दाखवला.

"आत," बोयानाने निकाल दिला. "आता परत."

टक. या वेळी फूल तपकिरीत पडलं. नेवेनाने दोन्ही हात आडवे पसरले.

"बाहेर. आता परत."

तिसऱ्या वेळी बोयानाने लबाडी केली. फूल पाठीमागून टाकलं आणि फ्रॉकच्या घेराखाली लपवलं. नेवेनाने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. पोरीला हीच खूण सगळ्यांत आवडायची. ती खिदळून टेबलाखाली लोळली.

"नाही दिसलं, नाही दिसलं. आई, असं केलं की पुढे काय होतं?"

"मग उंच खुर्चीवरचा पंच सांगतो."

"आणि त्यालाही नसेल दिसलं तर?"

"तर तेवढा डाव परत खेळायचा."

"म्हणजे कुणीच रडत नाही?"

"कुणीच रडत नाही," नेवेना म्हणाली आणि तिची दुधाची मिशी अंगठ्याने पुसली. "चल, बूट घाल. आज अंतिम सामने आहेत."

दर मार्चमध्ये मारित्सा नदीकाठच्या त्या छोट्या गावात एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची. दहा-बारा देशांची पोरं यायची. गावात एकच क्रीडागृह, एकच बरं हॉटेल आणि रेषांवर बसायला माणसंच नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं क्लबातल्या आयाच रेषापंच व्हायच्या. चार दिवस प्रशिक्षण, काळी पँट, पांढरा शर्ट, की झाल्या पंच. नियम एकच, आणि तो बायकांनीच केलेला: जिची मुलगी मैदानात, ती आई त्या मैदानाच्या रेषेवर बसणार नाही. बोयाना अजून टेबलाखालीच खेळत असल्यामुळे नेवेनाला कुठलंही मैदान चालायचं. शिवाय तिची नजर पक्की. लग्नाआधी ती स्वतः जिल्ह्याकडून खेळलेली होती.

आज तिला मुलींचा अंतिम सामना दिला होता, आणि त्या सामन्यात सियाना खेळणार होती.

सियाना चौथ्या मजल्यावरची. तिची आई अकरा वर्षांपूर्वी इटलीला म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला गेली ती तिकडचीच झाली, आणि बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. सात वर्षांच्या त्या पोरीच्या हातात पहिली रॅकेट दिली ती एकोणीस वर्षांच्या नेवेनाने. केस कापले तिने, दात पडला तेव्हा तो छपरावर फेकला तिने, आणि पहिल्यांदा कपडे डागाळले तेव्हा पोर जिना उतरून आली तीही तिच्याचकडे. नियमात आईला बंदी होती. आईसारखीला नव्हती. हे नेवेनाच्या काल संध्याकाळी लक्षात आलं होतं, आणि ती कुणाला काही बोलली नव्हती. बोलायचं कुणाला? अर्ध्या आया तापाने पडल्या होत्या.

दारात सासूबाई, पेनाआजी, तांब्याचं भांडं भरून उभ्या होत्या. चौथ्या मजल्यावरून सियाना उतरताना दिसली तसं त्यांनी पायऱ्यांवर पाणी ओतलं.

"पाण्यासारखं वाहत जाऊ दे सगळं. पाय टाक त्यातून, वळून बघू नकोस."

"आजी, बूट भिजले माझे," सियाना म्हणाली.

"भिजू देत. कोरड्या बुटांनी कोण जिंकलंय?"

सियाना हसली, पण ओठ पांढरे पडले होते. ती अठराची होती. वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. राजधानी सोफियाहून निवड समितीच्या वेलिच्काबाई आल्या होत्या आणि त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं: आपल्यातली जी मुलगी ही स्पर्धा जिंकेल तिला राष्ट्रीय केंद्रात जागा, राहणं-खाणं, सगळं. सोनं असेल तर सोफिया. नसेल तर जूनमध्ये शाळा संपली की इटली, आईच्या ओळखीने एका हॉटेलच्या धुलाईखान्यात.

"ताई, तू कुठल्या रेषेवर?" तिने जिन्यातच विचारलं.

"उजव्या, कडेच्या."

"बरं झालं. माझे स्मॅश तिकडेच जातात."

"माझ्याकडे बघायचं नाही. मी तिथे कुणी नसते."

"तू कधी कुणी नसतेस गं?" असं म्हणून सियाना बोयानाच्या डोक्यावर टपली मारून पुढे गेली.

क्रीडागृहात सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा कडकड आवाज चालला होता. सज्जा भरला होता. सामन्याआधी क्रोएशियाहून आलेल्या रेफरीने आयांना एका खोलीत उभं केलं.

"काल काय झालं ते माहीत आहे सगळ्यांना," तो म्हणाला. "आज मला तक्रार नको. दिसलं ते दाखवा. नाही दिसलं तर डोळे झाका. त्यात लाज नाही."

त्यात लाज नाही हे म्हणणं त्याला सोपं होतं. तो गावातला नव्हता. काल आयांपैकी रूमियाना रेषेवर होती. तिने एक फूल गावच्या मुलीच्या बाजूने आत दाखवलं, तेव्हा एस्टोनियाच्या लीस्बेतचा बाप, जो तिचा कोचही होता, उठून उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं म्हणाला, "या गावातल्या रेषासुद्धा गावाच्याच बाजूला वाकतात." त्यानंतर रूमियाना अशी घाबरली की तिने लागोपाठ दोनदा डोळे झाकले. सज्ज्यातून किराणावाला ओरडला, "रूमियाना, गाजरं खात जा." अख्खं क्रीडागृह हसलं. संध्याकाळपर्यंत रूमियानाला ताप आला. खरा की कसा, देव जाणे.

नेवेना आपल्या खुर्चीवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. समोर, रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला, सज्ज्याच्या कठड्याशी बोयाना आणि पेनाआजी बसल्या होत्या. बोयानाने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून तिला दाखवले. नेवेनाने हसू गिळलं आणि नजर रेषेवर आणली.

पहिला गेम सियानाने घेतला, दुसरा लीस्बेतने. लीस्बेत उंच, पांढुरक्या भुवयांची. चुकली तरी चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. दोन गेममध्ये नेवेनाच्या रेषेवर नऊ फुलं पडली. तिने नऊ वेळा हात केला, आणि नऊही वेळा एस्टोनियन बापाने मान वळवून आधी तिच्याकडे पाहिलं, मग रेषेकडे. ती नजर तिला गालावर माशीसारखी बसलेली जाणवायची.

तिसऱ्या गेममध्ये अकरावर बाजू बदलल्या. आता लीस्बेत नेवेनाच्या पुढ्यात पाठमोरी होती आणि जाळीपलीकडे सियाना, समोरासमोर. भिजलेल्या बुटांची पावलं मैदानावर चर्र वाजत होती. चौदा-सतरा. सतरा-अठरा. सियानाच्या डाव्या पोटरीत गोळा येतोय हे नेवेनाला सगळ्यांच्या आधी कळलं. पोर लहानपणापासून दुखलं की खालचा ओठ आत ओढायची. ऊठ, पाणी माग, वेळ काढ, असं ती मनात म्हणाली, आणि लगेच स्वतःलाच दटावलं: मी इथे कुणी नाही.

एकोणीस-वीस. लीस्बेतला सामना जिंकायला एक पॉइंट हवा होता.

बिया फोडायचा आवाज थांबला. लीस्बेतने सर्व्हिस केली. फूल गेलं, आलं, गेलं. वीस फटके, पंचवीस. सियानाने दोनदा अंग टाकून फूल उचललं, पुन्हा उभी राहिली. मग लीस्बेतचं एक फूल जरा उथळ आलं, मधेच लोंबकळल्यासारखं, आणि सियाना त्याच्याखाली पोचली. तिचा खांदा मागे गेला. नेवेनाला तो खांदा पाठ होता. कडेला, उजव्या रेषेवर.

टक.

आवाज वरून आला. पडलेल्या फुलाचा, बोयानाने घरून बरोबर आणलेल्या सकाळच्या फुलाचा. सज्ज्याच्या कठड्याखालच्या सिमेंटच्या पायरीवर. आणि नेवेनाचे डोळे, सकाळी तीनदा गेले तसेच, त्या आवाजाच्या मागे गेले. बोयाना कठड्याच्या खालच्या दांडीवर चढून, अर्धी बाहेर वाकून, पडलेलं फूल शोधत होती. तिने वर पाहिलं. मायलेकींची नजरानजर झाली. पेनाआजींच्या हाताने फ्रॉकची मागची पट्टी पकडली आणि पोर मागे ओढली गेली.

हे सगळं पापणी लवायला लागतो त्याहून फार जास्त वेळात झालं नाही.

नेवेनाची नजर खाली आली तेव्हा फूल जमिनीवर होतं. रेषेच्या बाहेर, वीतभर अंतरावर, अजून डुलत. पण पडलेलं फूल उसळतं, घरंगळतं; ते कुठे निजलंय यावरून कुठे टेकलं हे कळत नाही. हे ती स्वतःच नव्या आयांना शिकवायची.

पंच तिच्याकडे बघत होता. एस्टोनियन बाप बघत होता. जाळीपलीकडून सियाना बघत होती, खालचा ओठ आत ओढून.

हात वर जायला हवे होते. डोळ्यांपर्यंत, बस्स. मांडीपासून डोळ्यांपर्यंत किती अंतर असतं? पण त्या अंतरात सगळं गाव उभं होतं. सियानाचा शेवटचा पॉइंट आणि नेवेनाने डोळे झाकले, म्हणतील. बघा, आपल्या पोरीसाठी झाकले. आणि आत दाखवलं तर तो बाप पुन्हा उठून उभा राहील. हा विचार तिने केला असं नाही. विचार नंतर आला. आधी हात आडवे पसरले आणि तिच्याच तोंडून खणखणीत आवाज आला, "आउट."

पंचाने क्षणभर थांबून सामना संपल्याचं सांगितलं. लीस्बेत गुडघ्यांवर बसली आणि तिचा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा झाला.

सियाना वाद घालायला आली नाही. तिने नेवेनाकडे एकदा पाहिलं, रॅकेट डाव्या हातात घेतली आणि हात मिळवायला जाळीकडे गेली.

सज्ज्यातून शिट्ट्या झाल्या. किराणावाला ओरडला, "नेवेना, आता इटालियन शिकव तिला."

त्याला शेजारून कुणीतरी दटावलं, "गप बस रे. स्वतःच्या हाताने वाढवलेली पोर आहे तिची. आणि तरी बाहेरचं बाहेर म्हणाली. तुला जमलं असतं?"

त्या एका वाक्याने वारं फिरलं. अर्ध्या तासात सगळं क्रीडागृह नेवेनाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलं. चहाच्या टेबलाशी लोक बाजूला सरून तिला वाट देत होते. लीस्बेतचा बाप स्वतः आला, तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काल मी वाईट बोललो. या गावात एक रेष सरळ आहे." तिने मान खाली घातली. ते त्याला विनयासारखं वाटलं.

ती रेफरीच्या खोलीशी गेली. सांगून टाकायचं, एवढंच ठरवून गेली. दार उघडं होतं. रेफरी कागदांवर सह्या करत होता आणि खुर्चीवरचा पंच टाय सैल करून बसला होता.

"या, या," पंच म्हणाला. "तुम्ही वाचवलंत मला. लीस्बेतचा पाय नेमका मधे आला, मला फूल दिसलंच नाही. तुम्हीही डोळे झाकले असते तर परत खेळवावा लागला असता तो पॉइंट. किती बाहेर होतं?"

नेवेनाने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. जिथे फूल निजलं होतं तेवढी.

"मग काही प्रश्नच नाही," रेफरी म्हणाला आणि शेवटची सही केली. "पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धेला तुमचं नाव देतो."

आउट म्हणताना आपण काय करतोय हे तिला कळलं नव्हतं. वीत दाखवताना पुरतं कळत होतं.

पदकं द्यायला व्यायामाचे लाकडी ठोकळे एकावर एक रचून चौथरा केला होता. तिसऱ्या जागेवर दोघी, एक तुर्की आणि एक स्लोव्हाक, दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि एकमेकींना ढकलून हसत होत्या. सियाना दुसऱ्या पायरीवर. प्रत्येकीला पदक आणि चेरीच्या मुरंब्याची बरणी. एस्टोनियाचं राष्ट्रगीत लागलं तेव्हा सियाना लीस्बेतच्या बरोबरीने ताठ उभी होती, बरणी पोटाशी धरून. वेलिच्काबाईंनी नंतर तिच्या खांद्यावर थोपटलं. "छान खेळलीस. दुसरी पोरगी असती तर भांडली असती त्या पॉइंटवर." मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्या गाडीकडे निघाल्या.

दुपारी चारला नेवेनाच्या स्वयंपाकघरात पेनाआजींनी चीज भरलेली बानित्सा पुन्हा गरम केली. चीजचा वास घरभर पसरला. सियाना खुर्चीवर न बसता फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती, पोटरीवर बर्फाची पिशवी. रौप्यपदक बोयानाच्या गळ्यात होतं आणि तिच्या बेंबीपर्यंत लोंबत होतं.

"हे खायचं नाही ना?" बोयानाने विचारलं.

"चावून बघ. दात पडले तर चांदीचे बसवू," सियाना म्हणाली.

पेनाआजी पुटपुटत ताट ठेवून बाहेर गेल्या. त्यांना आज पाण्याचं वाईट वाटत होतं. भांडं नीट उपडं केलं नव्हतं, तळाशी थोडं राहिलं, असं त्या तीनदा म्हणाल्या होत्या.

"आईला फोन केला मी," सियाना म्हणाली. "म्हणाली, चांदी ती चांदी. म्हणाली, धुलाईखान्यात गरम असतं, थंडीची चिंता नाही." ती हसायला गेली आणि थांबली. "ताई, तू अशी तोंड पाडून बसू नकोस. तुझ्यावर राग नाही माझा."

नेवेना ओट्याकडे तोंड करून स्वच्छ कप पुन्हा धूत होती. "राग धरलास तरी चालेल."

"कशाचा धरू? शेजारी म्हणतात, आत होतं. किराणावाला म्हणतो, आत होतं. सज्ज्यातून त्यांना काय दिसतं? मला तर फटका मारल्यावर घामाने काहीच दिसलं नाही." तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. "दुसरी कुणी असती ना, तर मी जन्मभर म्हटलं असतं, त्या बाईने माझं आयुष्य घालवलं. इस्त्री करताना रोज म्हटलं असतं. पण तू म्हणालीस बाहेर, म्हणजे बाहेर. संपलं. तू सांगितलंस म्हणून मला आज झोप लागेल."

नळ चालूच राहिला. आता सांगावं, आता, ती जायच्या आत. सांगितलं तर पोरीची झोप जाईल, न सांगितलं तर आपली. कुठली झोप मोलाची हे काय कुणाला विचारायचं? आणि सांगून डाव परत खेळता येणार होता थोडाच? लीस्बेतची बस एव्हाना सरहद्दीकडे निघालीही असेल. नेवेनाने नळ बंद केला. ओले हात पुसले. मागे वळली. "सियाना," ती म्हणाली.

टक.

फूल फरशीवर पडलं. बोयाना टेबलाखालून, गळ्यातलं पदक सावरत, आईच्या हातांकडे बघत होती. फूल पांढऱ्या आणि तपकिरी फरशीच्या नेमक्या सांधेवर होतं.

नेवेनाने हात उचलला नाही.

"दाखव ना," बोयाना म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं. कपाळाला आठी घालून, सकाळपासून न सुटलेलं कोडं विचारावं तसं, ती म्हणाली, "आई, सियानाताईचं फूल पडलं तेव्हा तू तर माझ्याकडे बघत होतीस. मग ते बाहेर पडलं हे तुला कसं दिसलं?"